पहिलं शिकारी धनुष्य घेताना आधी हात मोजा, पौंडांचं नंतर बघू

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की धनुष्य आजवर कधी हातात धरलेलं नाही, साधारण आठ महिन्यांनी सीझन उघडेल तेव्हा हरणाच्या शिकारीला जायचंय, एक मित्र त्याचं जुनं ७० पौंडाचं (म्हणजे खेचायला तेवढा जोर लागणारं) कंपाउंड (टोकांना चाकं असलेलं आधुनिक धनुष्य) विकतोय, तर ते घेऊ का, की रिकर्व्ह (टोकं पुढे वळलेलं, चाकं नसलेलं धनुष्य) घेऊ, आणि ब्रॉडहेड (बाणाचं धारदार पात्यांचं शिकारी टोक) कुठले चांगले. मला धनुष्यानं शिकार करायला लागून एकोणीस वर्षं झाली, मधली काही वर्षं नवीन लोकांना शिकवायचंही काम केलं, आणि गंमत म्हणजे प्रत्येक नवीन माणूस हाच क्रम लावून येतो, पौंड किती आणि पातं कुठलं. ब्रॉडहेडचं मी सगळ्यात शेवटी घेणार आहे, कारण पुढचे सहा महिने तुम्हाला त्याची गरजच नाही.

कायद्याचं आधी उरकून टाकू. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे शिकारीवर बंदी आहे, तिथे असाल तर टार्गेट आर्चरी करा, खालचं बरंचसं त्यालाही लागू पडतं. ब्रिटन आणि जर्मनीत बंदुकीनं हरणाची शिकार चालते पण धनुष्यानं चालत नाही. जिथे चालते तिथेही नियम सगळीकडे सारखे नसतात, अमेरिकेत तर राज्य बदललं की नियम बदलतो, ड्रॉ वेट म्हणजे खेचायला लागणारा जोर किमान किती (हरणासाठी बऱ्याच ठिकाणी ४० पौंडांच्या आसपास), ब्रॉडहेडची किमान रुंदी किती, उघडणारी पाती चालतात की नाही, बो-हंटरचा वेगळा कोर्स करावा लागतो का, हे सगळं तुमच्या भागाच्या चालू वर्षाच्या नियमपुस्तिकेत बघायचं, मित्राच्या तोंडी माहितीवर जायचं नाही. कोर्स सक्तीचा नसला तरी करा, एका वीकएंडचं काम असतं.

आता धनुष्य. धनुष्य हे बुटासारखं असतं, मित्राला नऊ नंबर लागतो आणि तुम्हाला सात, तर तो बूट कितीही भारी असला आणि फुकट दिला तरी तुमच्या कामाचा नाही. धनुष्यातला हा नंबर म्हणजे ड्रॉ लेंग्थ, दोरी किती इंच मागे खेचायची ते माप. भिंतीला पाठ टेकून उभे राहा, दोन्ही हात बाजूला सरळ पसरा, ताणून नाही, सहज, आणि कुणाकडून तरी एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्या मधल्या बोटाच्या टोकापर्यंत इंचात मोजून घ्या, आलेल्या आकड्याला २.५ नं भागा. ७० इंच आले तर २८ इंच. हा सुरुवातीचा अंदाज, पुढे धनुष्य हातात घेतल्यावर अर्धा इंच इकडेतिकडे होतं. रिकर्व्हमध्ये तुम्ही जिथपर्यंत खेचाल तिथपर्यंत ते येतं, त्यावरचे पौंड २८ इंचांवर मोजलेले असतात आणि दर इंचाला साधारण दोन-अडीच पौंड कमीजास्त होतात. कंपाउंडचं तसं नाही, कॅम (टोकांवरची चाकं) एका ठरावीक जागी येऊन थांबतो, भिंतीला टेकल्यासारखा, आणि ती भिंत तुमच्या हाताच्या मापावर नसेल तर काही खरं नाही.

लांब माप असलेलं धनुष्य नवीन माणसाला सुरुवातीला छानच वाटतं, ऐसपैस. पण मग दोरीला नाक लावण्यासाठी मान मागे झुकते, पुढचा कोपर ताठ लॉक होतो, सोडताना दोरी पुढच्या हाताच्या कोपराखालच्या मऊ भागावर चाबकासारखी बसते आणि दोन दिवस जांभळा वण घेऊन फिरावं लागतं. तो वण बघितला की मला लगेच कळतं की धनुष्य उसनं आणलंय. शंका असेल तर अर्धा इंच आखूड घ्या, लांब नको.

आणि माप घेण्याच्याही आधी डोळा तपासा. दोन्ही हात पुढे करून अंगठा आणि तर्जनीमध्ये छोटं त्रिकोणी भोक करा, दोन्ही डोळे उघडे ठेवून लांबची एखादी वस्तू त्यात पकडा, मग एकेक डोळा मिटा, ज्या डोळ्यानं वस्तू भोकातच दिसत राहते तो तुमचा मुख्य डोळा. उजवा हात चालतो पण मुख्य डोळा डावा अशी बरीच माणसं असतात, त्यांनी डावखुरं धनुष्य शिकलेलं उत्तम, कारण तुम्ही नवीन आहात, हाताला अजून कुठलीच सवय नाही. पाच वर्षांनी बदलायला गेलात तर रडकुंडीला याल.

पौंडांबद्दल मी जरा कडक आहे, कारण मी स्वतः त्यात तोंडावर आपटलोय. पहिल्या वर्षी मी ७० पौंडाचं घेतलं, का, तर सगळे तेच घेत होते. उन्हाळ्यात टी-शर्टवर, हात गरम असताना, जोर लावून येत होतं. नोव्हेंबरमधल्या एका सकाळी मचाणावर तीन तास हललो नाही, अंगात जाड जॅकेट, बोटं बधिर, आणि एक मादी अठरा यार्डांवर येऊन आडवी उभी राहिली. मी खेचायला लागलो, अर्ध्यावर आलं आणि अडकलं, अक्षरशः पुढे येईना, मग मी शेतातली मोट ओढावी तसं धनुष्य आकाशाकडे नेऊन पूर्ण अंगानं झटका दिला. तिनं मान वर केली, थेट माझ्याकडे बघितलं, पुढचा एक पाय जमिनीवर दोनदा आपटला आणि शेपटीचा पांढरा झेंडा वर करून झाडीत गेली. माझ्या हातात अजूनही अर्धं खेचलेलं धनुष्य. पुढच्या महिन्यात लिंब (धनुष्याचे वाकणारे दोन हात) धरणारे बोल्ट सोडवून सोडवून खाली आणलं, तरी ६० च्या खाली जाईना, शेवटी विकलं आणि ५५ चं घेतलं, आणि तेव्हापासून ६० च्या वर कधी गेलो नाही.

कसोटी सोपी आहे. खुर्चीवर बसा, दोन्ही पाय जमिनीपासून उचला, धनुष्य सरळ समोर टार्गेटकडे धरा आणि वर-खाली न नेता सावकाश खेचा. आलं तर ते तुमचं ड्रॉ वेट, नाही आलं तर पाच पौंड कमी करा. बऱ्याच धडधाकट माणसांचं सुरुवातीचं उत्तर ४५ ते ५० निघतं आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही, खेचायला लागणारे पाठीचे स्नायू रोजच्या कामात कुणीच वापरत नाही. लेट-ऑफमुळे, म्हणजे पूर्ण खेचल्यावर कॅम जो भार हलका करतो त्यामुळे, फसू नका. ७० पौंडाच्या कंपाउंडला ८० टक्के लेट-ऑफ असेल तर पूर्ण खेचल्यावर हातात १४ पौंडच राहतात, हे खरं, पण त्या १४ पर्यंत पोचायला मधला ७० चा डोंगर चढावाच लागतो, आणि सावज समोर असताना तो गुपचूप चढावा लागतो.

मग ५० पौंडात हरीण पडतं का? हिशोबच करू. ४०० ग्रेनचा बाण (७००० ग्रेन म्हणजे एक पौंड) सेकंदाला २३० फूट जात असेल तर वेगाचा वर्ग करून बाणाच्या वजनानं गुणा आणि ४,५०,२४० नं भागा, ४७ फूट-पौंड येतात. हरणासाठी ते भरपूर आहे. जाहिरातीत ३४० फूट, ३५० फूट असे वेगाचे आकडे असतात ना, ते ७० पौंड, ३० इंच ड्रॉ आणि ३५० ग्रेनचा हलका बाण लावून काढलेले असतात. तुमचा ड्रॉ २८ असेल आणि बाण शिकारीच्या वजनाचा असेल तर त्यातले पन्नास-साठ फूट तिथेच गेले, पौंड कमी केले की अजून गेले. म्हणून वेगाच्या आकड्यावरून धनुष्य घेणं म्हणजे स्पीडोमीटरवरचा शेवटचा आकडा बघून गाडी घेण्यासारखं.

कंपाउंड की रिकर्व्ह, तर आठ महिन्यांत शिकारीला जायचं असेल तर कंपाउंड. कंपाउंड हे तसं तरुण यंत्र आहे, मिसूरीच्या होलेस विल्बर अॅलन यांनी १९६६ साली पेटंटसाठी अर्ज केला आणि १९६९ मध्ये ते मिळालं, त्याआधीचे सगळे रिकर्व्ह नाहीतर लाँगबोवरच शिकार करायचे आणि करायचेच. रिकर्व्ह सुंदर आहे, हलकं आहे, माझ्याकडेही एक आहे आणि संध्याकाळी अंगणात मी तेच मारतो. पण त्यावर पंधरा यार्डांवर भरवशाचा नेम बसायला बहुतेकांना दीड-दोन वर्षं लागतात. इथे एक गोष्ट आठवते, इशी नावाचा, ‘याही’ नावाच्या आदिवासी जमातीचा माणूस १९११ मध्ये कॅलिफोर्नियात ओरोव्हिलजवळ एकटाच लोकांसमोर आला, त्याच्याकडून सॅक्स्टन पोप नावाचे डॉक्टर धनुष्यविद्या शिकले आणि अमेरिकेतल्या आजच्या बो-हंटिंगची सुरुवात बरेच जण तिथून धरतात. इशीचं धनुष्य आजच्या मानानं साधं लाकडी. त्याचं बळ लपण्यात आणि जवळ जाण्यात होतं. हे आजही तसंच आहे, फक्त कॅम आणि कार्बननं आपल्याला ते विसरायला लावलंय.

धनुष्यावर बाकी काय लावायचं ते पटकन सांगतो. मनगटाला पट्टा असलेला तर्जनीचा रिलीज (दोरी सोडायची कळ) घ्या, दोरीवर डी-लूप (रिलीज अडकवायचा छोटा फास) बांधून घ्या, पीप (दोरीतलं बघायचं छोटं भोक) डोळ्यासमोर आपोआप यायला हवा, डोकं हलवून शोधायला लागला तर तो चुकीच्या जागी आहे. साइट (नेम धरायचं साधन, प्रत्येक अंतराला एक पिन) तीन पिनांचा पुरे, २०, ३० आणि ४० यार्ड, पाच पिना असल्या की ऐन वेळी चुकीच्या पिनेवर नेम धरला जातो हे मी डोळ्यांनी बघितलंय आणि एकदा स्वतः केलंय. रेस्ट (बाण टेकवायचा आधार) म्हणाल तर बाणाला चारी बाजूंनी ब्रशसारख्या केसांनी धरून ठेवणारा साधा रेस्ट नवीन माणसाला उत्तम, बाण पडत नाही, ड्रॉप-अवे (बाण सुटताना खाली पडणारा रेस्ट) नंतर घ्या. स्टॅबिलायझर (तोल सांभाळणारा पुढचा दांडा) थोडा फरक पाडतो. रेंजफाइंडर (अंतर मोजणारं यंत्र) मात्र हवाच, आणि मचाणावर बसणार असाल तर उताराचा कोन धरून आडवं अंतर दाखवणारा घ्या, कारण बाणाचा पल्ला आडव्या अंतरावर ठरतो. कॅमोफ्लाजच्या कपड्यांवर लोक सगळ्यात जास्त पैसे घालवतात आणि सगळ्यात कमी उपयोग त्यांचाच.

त्यातले पैसे बाणांवर घाला. लोक धनुष्यात जीव टाकतात आणि बाण जे मिळतील ते उचलतात, खरं तर मी साधं धनुष्य आणि चांगले जुळवलेले बाण केव्हाही घेईन. बाणात बघायचा आकडा म्हणजे स्पाइन, बाण किती कडक आहे त्याचं माप. २८ इंचांच्या अंतरावर दोन टेकू ठेवून त्यावर बाण आडवा ठेवतात, मध्ये १.९४ पौंड म्हणजे ८८० ग्रॅम वजन टांगतात आणि तो किती वाकला ते बघतात. इंचाचे ४०० सहस्रांश वाकला तर स्पाइन ४००, ५०० सहस्रांश वाकला तर ५००. म्हणजे आकडा लहान तसा बाण कडक, हे उलटं आहे त्यामुळे भले भले गोंधळतात. दोरी सुटते तेव्हा मागून धक्का बसतो, पुढचं टोक जागचं हलायला वेळ घेतं आणि बाण मध्ये वाकतो, मग वळवळत सरळ होत जातो. तुमच्या पौंडांना तो फार मऊ असेल तर सरळ व्हायला उशीर लागतो, फार कडक असेल तर दुसऱ्याच बाजूला जातो. बाण लांब ठेवला की तो मऊ वागतो, टोक जड लावलं तरी मऊ वागतो, म्हणून स्पाइनच्या तक्त्यात पौंड, बाणाची लांबी आणि टोकाचं वजन तिन्ही एकत्र बघायचं. साधारण ५० पौंड, २८ इंचांचा बाण, १०० ग्रेनचं टोक यासाठी ४०० ते ५०० च्या मध्ये कुठेतरी उत्तर येतं, पण ज्या कंपनीचा बाण त्याच कंपनीचा तक्ता बघा.

बाणाचं वजन म्हणाल तर कंपाउंड बनवणारे सहसा दर पौंडाला किमान ५ ग्रेन सांगतात, ती धनुष्य फुटू नये म्हणूनची मर्यादा आहे, शिकारीला मी ७-८ धरतो, ५० पौंडाला ४०० ग्रेन. जड बाण हळू जातो पण शांत जातो, धनुष्याची जी ऊर्जा बाणात गेली नाही ती आवाज आणि कंप होऊन बाहेर पडते, आणि तो आवाज हरणाला ऐकू जातो.

आणि कार्बन बाण मारायच्या आधी दर वेळी, म्हणजे खरंच दर वेळी, दोन्ही टोकं धरून कानाजवळ थोडा वाकवा, फिरवा, पुन्हा वाकवा. चांगला बाण गप्प असतो. तडा गेलेला असेल तर हलकासा चर्र आवाज येतो, कधीकधी बोटाला कुसळ लागल्यासारखं टोचतं. तो बाण तिथेच मोडून टाका, भात्यात परत ठेवू नका, कारण तडकलेला बाण सोडताना फुटला तर त्याच्या काड्या तुमच्याच पुढच्या हातात घुसतात. तसंच बाण न लावता दोरी कधीही सोडायची नाही, याला ड्राय फायर म्हणतात, सगळी ऊर्जा लिंबांत आणि कॅममध्येच जिरते आणि धनुष्य तुमच्या तोंडासमोर फुटू शकतं. पाहुण्यांना धनुष्य हातात देताना हे आधी सांगा, मुलं तर पहिलं तेच करतात.

सराव कसा, तर पहिला महिना पाच यार्डांवर मोठं टार्गेट ठेवा आणि साइट वापरूच नका, डोळे मिटून मारलं तरी चालेल, फक्त खेचणं, गालाला टेकणं आणि सोडणं. ट्रिगर दाबायचा नाही, पाठीनं खेचत राहायचं आणि तो कधी सुटला हे आपल्यालाही जरा आश्चर्य वाटलं पाहिजे. पिन लाल ठिपक्यावर आली रे आली की बोटानं फटकन दाबायची सवय लागली की तिला टार्गेट पॅनिक म्हणतात, पिन ठिपक्यावर थांबेनाशीच होते, आणि ते बरं करायला मला एक पूर्ण उन्हाळा गेला. दिवसाला पंचवीस-तीस बाण पुरे, शंभर मारू नका, दमल्यावर मारलेले बाण चुका पक्क्या करतात.

दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात १० वरून २० यार्डांवर जा. मग आठ इंचांची कागदी प्लेट लावा, हरणाच्या छातीतला मर्मभाग साधारण तेवढाच असतो, आठ ते दहा इंच. ज्या अंतरावर सहाच्या सहा बाण प्लेटमध्ये बसतात, रोज, ते तुमचं सध्याचं अंतर. पण ते सरावाचं अंतर झालं. शिकारीचं अंतर काढायला सकाळी उठून, हात गरम न करता, शिकारीचं जॅकेट घालून, बसून, एकच बाण मारा. फक्त एक. तो प्लेटमध्ये आला की त्या दिवसापुरतं धनुष्य ठेवून द्या. असं पंधरा दिवस करा आणि वहीत लिहा. शिकारीत तुम्हाला हाच एक थंड बाण मिळतो, दहावा कधीच मिळत नाही.

पहिल्या सीझनला मी २० यार्ड सांगतो, फार तर २५, आणि हे फक्त नेमाबद्दल नाही. ३० यार्ड म्हणजे ९० फूट, बाण सेकंदाला २५० फूट जात असेल तर त्याला एक तृतीयांश सेकंदाहून थोडा जास्त वेळ लागतो, पण धनुष्याचा आवाज ०.०८ सेकंदात पोचतो. मधल्या पाव सेकंदात कान टवकारलेलं हरीण पळण्यासाठी पाय दुमडून खाली बसतं आणि बाण पाठीवरून जातो किंवा पाठीच्या कण्याला लागतो. तुमचा नेम अचूक होता, हरीण तिथे नव्हतं. ३५० फूट वेगाचं धनुष्य घेऊनही हे संपत नाही, जवळ जाऊन आणि निवांत चरणाऱ्या जनावरावर मारूनच कमी होतं.

जवळ येऊ द्यायचं म्हणजे वारा बघायचा. तुमच्या अंगावरून वारा हरणाकडे जात असेल तर त्या दिवशी ती जागा सोडा, कितीही वास घालवणारे स्प्रे मारले तरी. डोंगरउतारावर सकाळी ऊन चढलं की हवा वर चढते आणि संध्याकाळी थंड होऊन खाली वाहते, म्हणून सकाळी वाटेच्या वरच्या बाजूला आणि संध्याकाळी खालच्या बाजूला बसतात. आणि धनुष्य खेचायचं ते हरणाचं डोकं झाडाच्या बुंध्यामागे गेल्यावर, नाहीतर ते खाली मान घालून दुसरीकडे बघत असताना. इथे पुन्हा ते पौंड आठवा.

मचाणावर चढणार असाल तर पूर्ण अंगाचा हार्नेस, आणि तो वर पोचल्यावर नाही, जमिनीवरून पाय उचलण्याआधीच दोराला अडकवायचा, कारण माणसं बऱ्याचदा चढता-उतरतानाच पडतात. धनुष्य हातात घेऊन चढायचं नाही, वर बसून दोरीनं ओढून घ्यायचं, बाण झाकलेल्या भात्यात.

आता ब्रॉडहेड. बंदुकीची गोळी धक्क्यानंही काम करते, बाण फक्त कापतो, जनावर रक्तस्रावानं मरतं, म्हणून धार हीच सगळ्यात मोठी गोष्ट. रबरबँड ताणून त्यावर पातं नुसतं टेकवा, जोर न देता तुटलं पाहिजे. सरावात वापरलेली पाती शिकारीला न्यायची नाहीत. तुमच्या ५० पौंडांना फिक्स पात्यांचं, एक ते सव्वा इंच कापणारं घ्या, बाण आरपार जाऊन दोन भोकं पडली की रक्ताचा माग मिळतो. उघडणारी पाती आपटल्यावर उघडण्यात ऊर्जा खातात, ती जास्त ताकदीच्या धनुष्यांना ठीक. शेवटच्या दोन महिन्यांत मात्र ब्रॉडहेड लावूनच काही बाण मारा, फील्ड पॉइंट (सरावाचं साधं टोक) आणि ब्रॉडहेड एकाच जागी लागत नसतील तर रेस्ट किंवा स्पाइनमध्ये गडबड आहे, पिना हलवून ती झाकू नका.

मारायचं कधी, तर हरीण पूर्ण आडवं असेल किंवा मागचा भाग तुमच्याकडे करून जरा तिरकं उभं असेल तेव्हाच. आडव्या हरणाला पुढच्या पायाच्या किंचित मागे, अंगाच्या उंचीच्या खालच्या तिसऱ्या भागाच्या वर. तिरकं असेल तर पलीकडचा पुढचा पाय बघून त्या दिशेनं. समोरून, मागून, तुमच्याकडे तिरकं, नाही म्हणजे नाही.

तिसऱ्या सीझनमध्ये मी एका नरावर बावीस यार्डांवरून मारलं. बाण सुटताना तो एक पाऊल पुढे गेला आणि बाण मागे लागला. तो पळाला नाही, पाठ वाकवून, पोटात दुखत असल्यासारखा, हळूहळू चालत गेला. मी वीस मिनिटांत खाली उतरलो. बाणावर हिरवट चिकट माती लागल्यासारखं होतं, वास आला, आणि तो वास कशाचा हे मला माहीत होतं, तरी मी मागावर निघालो, कारण अंधार पडत होता आणि धीर नव्हता. दीडशे पावलांवर तो बसलेला होता, माझी चाहूल लागून उठला आणि ओढा ओलांडून गेला, पलीकडे रक्ताचा एक थेंब नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत शोधला, सापडला नाही. तेव्हा मी आठ-दहा तास थांबलो असतो तर तो बहुधा त्याच जागी मिळाला असता. फेसाळ गुलाबी रक्त म्हणजे फुप्फुस, अर्धा तास थांबून निघा. गडद लाल म्हणजे बहुधा यकृत, किमान चार तास. हिरवं किंवा तपकिरी आणि वास म्हणजे पोट, आठ ते बारा तास, मध्ये जागेवर खूण म्हणून रिबन बांधून शांतपणे उलट दिशेनं निघून या. बाण लागल्यावर शेवटचं कुठल्या झाडाजवळ दिसलं ते डोक्यात पक्कं करा, खाली उतरल्यावर सगळी झाडं सारखी दिसतात.

राहिलं मित्राचं धनुष्य. आधी लिंबावरचं लेबल बघा, त्यावर ड्रॉ वेटची रेंज आणि ड्रॉ लेंग्थ लिहिलेली असते. ६०-७० लिहिलं असेल तर ६० च्या खाली जाणार नाही आणि माझ्या मते तिथेच विषय संपला, मित्राला प्रेमानं नाही म्हणा. ४०-६० किंवा तशी मोठी रेंज असेल तर पुढे जा. ड्रॉ लेंग्थ मॉड्यूल (कॅमवरचा छोटा भाग) फिरवून बदलता येते की वेगळा कॅमच लागतो ते विचारा, वेगळा कॅम आणि बो प्रेसचं (लिंब दाबून धरणाऱ्या यंत्राचं) काम लागत असेल तर स्वस्त धनुष्य महाग पडतं. मग कापसाचा बोळा लिंबांवरून दोन्ही बाजूंनी फिरवा, कुठे धागा अडकला तर तिथे बारीक तडा आहे. दोरी केसाळ झालीय का, कॅमजवळच्या गुंडाळीत फट पडलीय का बघा, दोरी दोन-तीन वर्षांनी बदलावी लागते, तो खर्च किमतीतून वजा करून घ्या. आणि कधी ड्राय फायर झालं होतं का हे सरळ विचारा, उत्तर द्यायला तो किती वेळ घेतो तेही बघा.

त्या लेबलचा फोटो आणि तुमच्या पसरलेल्या हातांचं माप इंचात टाका, खुर्चीवर बसून किती पौंड आले तेही, मग घ्यायचं की नाही ते नक्की सांगतो.